दुप्पट की दुगुन? : गिटारच्या ट्रेमोलोतील एका स्विचची चिकित्सा

गिटारवादकाच्या पायाशी जी पेडले मांडलेली असतात, त्यांत ट्रेमोलो हे बहुधा सर्वांत साधे. तारेपासून निघालेला संकेत धातूच्या एका छोट्या डबीत शिरतो, तिथे त्याचा आवाज ठरावीक वेगाने कमी-जास्त होत राहतो आणि मग तो अँप्लिफायरकडे जातो. डबीवर निदान दोन नॉब असतात. एक वेगाचा आणि दुसरा खोलीचा, म्हणजे प्रत्येक हेलकाव्यात आवाज किती खाली उतरावा हे ठरवणारा. हौशी मंडळी ही डबी उघडतात आणि तीत आणखी एक गोष्ट बसवतात: पायाने दाबायचा स्विच. तो दाबला की ट्रेमोलोचा वेग दुप्पट व्हावा, पुन्हा दाबला की मूळ पदावर यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

वरवर पाहता हा सोल्डरिंग जमणाऱ्या माणसाचा रविवारचा उद्योग आहे. पण हा स्विच तीन वेगवेगळ्या रीतींनी बसवता येतो आणि तिन्ही रीतींत ‘दुप्पट’ या शब्दाचा अर्थ वेगळा निघतो. कोणती रीत बरी, हा प्रश्न म्हणूनच केवळ विजेच्या मंडलाचा राहत नाही, तो लयीचा होतो.

आधी नावाचा घोळ निस्तरू. आपल्याकडच्या संगीतशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत नादाचे तीन गुण सांगितलेले असतात: लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. ट्रेमोलो फक्त लहानमोठेपणाशी खेळतो; स्वराच्या उच्चनीचतेला तो हात लावत नाही. उच्चनीचता हलवणाऱ्या कंपनाला पाश्चात्त्य संगीतात व्हायब्रेटो म्हणतात. आपले आंदोलन आणि गमक त्या बाजूला पडतात, ट्रेमोलोच्या नव्हे. गंमत अशी, की अमेरिकेतील फेंडर कंपनीने ही दोन्ही नावे उलटी वापरली. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला जी दांडी होती ती स्वर वरखाली करते, पण तिला नाव दिले ट्रेमोलो. उलट त्यांच्या अँप्लिफायरवर ज्या ठिकाणी व्हायब्रेटो असे छापलेले असे, तिथे प्रत्यक्षात आवाज लहानमोठा होई. हा घोळ गिटारवादकांच्या बोलण्यात आजही टिकून आहे. या लेखात ट्रेमोलो म्हणजे आवाजाचा हेलकावा, एवढाच अर्थ धरला आहे.

हे पेडल मुळात एकाच वेगाचे का असावे, याचे उत्तर त्याच्या जन्मात आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत डीआरमंड या नावाने विकले जाणारे ट्रेमोलोचे यंत्र खरोखरच यंत्र होते. आत विजेची मोटर असे आणि ती वाहक द्रव भरलेली एक कुपी हलवत राही. द्रव हिंदकळून आतल्या टोकाला लागला की संकेताचा काही भाग जमिनीकडे वळे आणि आवाज उतरे. द्रव मागे सरला की आवाज पुन्हा चढे. पुढे हे काम अँप्लिफायरच्या पोटात गेले. फेंडरने १९५५ साली ट्रेमोलक्स आणला. १९६० च्या दशकातील त्यांच्या अँप्लिफायरांत निऑनचा इवलासा दिवा लुकलुकतो आणि त्याच्या उजेडाने प्रकाशसंवेदी रेझिस्टरचा रोध बदलतो, अशी योजना आली. पाण्याची कुपी असो वा निऑनचा दिवा, वादकाने वेग एकदा लावायचा आणि गाणे संपेपर्यंत तसाच ठेवायचा, हे गृहीत होते. हात तारांवर गुंतलेले; नॉबपर्यंत पोचणार कोण?

या मर्यादेतून काय साधले गेले ते ऐकायचे तर बो डिडली यांचे १९५५ मधील, त्यांच्याच नावाचे गाणे घ्यावे. तिथे ट्रेमोलो ही सजावट नाही. गिटारच्या प्रत्येक आघातानंतर आवाज ज्या वेगाने थरथरतो तो वेग जेरोम ग्रीन यांच्या माराकाच्या खुळखुळाटाशी इतका मिळून गेला आहे, की हाताने मारलेला ठोका कोणता आणि पेडलने पाडलेला कोणता हे सांगणे अवघड व्हावे. उजव्या हाताने एक आघात करावा आणि त्याचे उपविभाग यंत्राने भरून काढावेत, अशी ही कामाची वाटणी आहे. याच्या अगदी उलट टोकाला १९५८ चे लिंक रे यांचे ‘रंबल’. त्यात शेवटाकडे येणारा ट्रेमोलो ठेक्याचे उपविभाग मोजत बसत नाही. तो स्वरांना एक भीतिदायक थरकाप देतो, बस्स.

ट्रेमोलोचे हे दोन स्वभाव ध्यानात ठेवले पाहिजेत: लयीत बसणारा आणि लयीबाहेर थरथरणारा. दुपटीच्या स्विचची मागणी येते ती पहिल्या स्वभावाच्या वादकांकडून. कडव्यात संथ हेलकावा हवा, ध्रुपदात तोच दाट व्हावा, आणि दोन्ही ठेक्याला चिकटून असावेत. मिनिटाला १२० ठोके अशी चाल घेतली तर सेकंदाला दोन ठोके पडतात. प्रत्येक ठोक्यात दोन हेलकावे हवे असतील तर ट्रेमोलोचा वेग सेकंदाला ४ असायला हवा आणि चार हवे असतील तर ८. दोन्ही वेग ट्रेमोलोच्या नेहमीच्या आवाक्यातले आहेत. सेकंदाला पंधरा-वीसच्या पुढे गेले की कानाला सुटे हेलकावे मोजता येत नाहीत, आवाज नुसता खरखरीत वाटू लागतो. म्हणजे दुपटीला जागा आहे, पण चौपटीला फारशी नाही.

दोन वेगांची कल्पना त्याआधी लेस्ली स्पीकरात होतीच. हॅमंड ऑर्गनबरोबर वाजणाऱ्या या पेटीत कर्णा आणि ढोल फिरतात. संथ वेगाला कोराल आणि जलद वेगाला ट्रेमोलो म्हणतात. पण तिथे जलद वेग संथाच्या दुपटीपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि फिरणाऱ्या भागांना वजन असल्यामुळे बदल सावकाश होतो; हलका कर्णा आधी वेग घेतो, जड ढोल मागून. ऐकणाऱ्याला जे सुख मिळते ते या चढणीचे. लेस्लीला गुणोत्तराची पर्वा नाही. आपल्या स्विचला मात्र आहे. म्हणून त्याला मोजपट्टीही दुसरी लावावी लागते.

ही मोजपट्टी आपल्याजवळ आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यातील लयीची व्याख्या अशी, की एका क्रियेनंतरची विश्रांती म्हणजे लय. लयी तीन. त्यांत द्रुत सर्वांत शीघ्र. तिची विश्रांती दुप्पट केली की मध्य आणि मध्याची दुप्पट केली की विलंबित. आजच्या ख्यालातील विलंबित या हिशेबाच्या फार पलीकडे गेले आहे हे खरे. तरी या व्याख्येतील दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, लय ठोक्यात नसून ठोक्यांमधल्या अंतरात आहे. दुसरी, मोजणी द्रुतापासून सुरू होते. संथ लय ही जलद लयीची दुणी करून मिळते. जलद लय संथ लयीला दामटून मिळत नाही. अमेरिकन पेडलचा देवगिरीशी काही वंशसंबंध आहे असे मला सुचवायचे नाही. पण तबलजी ज्याला दुगुन म्हणतो आणि कॅल्क्युलेटर ज्याला दुप्पट म्हणतो त्यांतला फरक या व्याख्येने नेमका दिसतो. दुगुनीत बोल दुप्पट वेगाने येतात, पण सम जिथे होती तिथेच राहते. नुसती दुप्पट समेची हमी देत नाही.

आता डबी उघडू. ऑप-अँपवर चालणाऱ्या बहुतेक ट्रेमोलोंत वेग ठरवणारा भाग असा असतो: एक कपॅसिटर एका रोधातून सारख्या दराने भरत जातो, ठरलेल्या पातळीला पोचला की उलटा रिकामा होऊ लागतो, खालच्या पातळीला पोचला की पुन्हा भरू लागतो. यातून त्रिकोणी लाट तयार होते. एका हेलकाव्याला लागणारा वेळ रोध आणि धारकता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. वेगाचा नॉब म्हणजे त्यातला बदलता रोध. तेव्हा वेग दुप्पट करायचा तर रोध निम्मा करा किंवा धारकता निम्मी करा.

सर्वाधिक मोह होतो तो रोध निम्मा करण्याचा, कारण काम एका रेझिस्टरचे आहे. नॉबचा रोध १०० किलोओहम आणि त्याला जोडून १० किलोओहमचा स्थिर रेझिस्टर धरू. नॉब सर्वांत संथ असताना एकूण रोध ११०. स्विच दाबताच या सगळ्याला समांतर आणखी ११० किलोओहमचा रेझिस्टर लागला, की एकूण ५५ झाला. वेग बरोबर दुप्पट. पण नॉब मध्यावर आणला की मूळ रोध ६० आणि समांतर जोडणीनंतर सुमारे ३८.८. आता वेग वाढतो दीडपटीहून जरासा अधिक. नॉब पूर्ण जलद केला तर १० चे सुमारे ९.२ होतात आणि वाढ जेमतेम नऊ टक्के. म्हणजे हा स्विच नॉबच्या एकाच टोकाला दुप्पट करतो, बाकी सगळीकडे काहीतरी वेगळेच. तो वेग बदलतो हे खरे, पण लयीच्या भाषेत तो कुठे दुगुन, कुठे दीडपट आणि कुठे नुसती घाई आहे. ‘दुपटीचा स्विच’ हे नाव त्याला शोभत नाही.

काही जुन्या आराखड्यांत अडचण याहून वाढते. ‘इलेक्ट्रॉनिक्स ऑस्ट्रेलिया’ या मासिकातून आलेला आणि जगभरच्या हौशी लोकांनी बांधलेला ट्रेमोलो एका ट्रान्झिस्टरच्या फेज-शिफ्ट ऑसिलेटरवर चालतो. अशा ऑसिलेटरमध्ये रोध-कपॅसिटरच्या तीन जोड्या मिळून वेग ठरवतात. त्यांतल्या एकाच जोडीला हात लावला तर वेग दुप्पट होत नाही. फार ओढाताण केली तर हेलकावा बंदच पडतो.

दुसरी रीत कपॅसिटरची. १ मायक्रोफॅरडच्या जागी ०.४७ चे दोन समांतर लावायचे आणि स्विचने त्यांतला एक सोडवायचा. बेरीज ०.९४ होते, त्यामुळे मूळ वेग सहा टक्क्यांनी वाढतो. त्याचे काही बिघडत नाही, नॉब आहेच. महत्त्वाचे हे, की आता नॉब कुठेही असो, गुणोत्तर तेच राहते. पहिल्या रीतीपेक्षा ही निःसंशय सरस आहे. मात्र दोन्ही कपॅसिटर खरोखर सारखे हवेत. दहा टक्के कमी-अधिक चालणाऱ्या कपॅसिटरांत एक ०.९ पट आणि दुसरा १.१ पट निघाला, तर कोणता सोडवला त्यानुसार गुणोत्तर २.२२ तरी येते किंवा १.८२ तरी. दुकानात मूठभर घेऊन मीटरवर जोडी जुळवणे हाच उपाय. आणखी एक खोड म्हणजे सोडवलेल्या कपॅसिटरवर जुना दाब शिल्लक राहतो आणि परत जोडताना ‘ठप्’ असा आवाज होतो. स्विचला समांतर मोठा रोध, साधारण १ मेगाओहमचा, ठेवला तर तो बराच सौम्य होतो.

इथवर आलेले बहुतेक जण थांबतात, कारण मीटरवर दुप्पट दिसते. पण पायाचा हिशेब अजून बाकी आहे. कपॅसिटर सोडवला तेव्हा लाट जिथे होती तिथूनच दुप्पट वेगाने पुढे जाते. समजा वेग सेकंदाला ४ आहे, हेलकाव्याचा माथा ठोक्यावर आहे आणि वादकाचा पाय बरोबर ठोक्यावर पडला. मग ठीक. पण पाय सेकंदाच्या आठव्या हिश्श्याने उशिरा पडला, तर त्या क्षणी लाट तळाशी आहे. खऱ्या दुगुनीत त्या जागी माथा यायला हवा होता. तेव्हापासून पुढे प्रत्येक ठोक्यावर आवाज उतरलेला आणि ठोक्यांच्या मध्ये चढलेला, असे उलटे चक्र चालू राहते. गुणोत्तर अचूक आणि सम हरवलेली. अगदी पाय चुकला नाही तरी गुणोत्तरात एक टक्का फरक असला, तर सेकंदाला ८ च्या वेगाने सहा-एक सेकंदांत, म्हणजे वर धरलेल्या चालीत चार ठोक्यांच्या तीन आवर्तनांत, माथ्याच्या जागी तळ येतो.

हा केवळ कागदावरचा छळ नाही. द स्मिथ्स या इंग्लिश बँडचे १९८४ मधील ‘हाऊ सून इज नाऊ?’ हे गाणे ट्रेमोलोचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणता येईल. त्यातील थरथर अखंड वाटते, पण ती तुकड्यातुकड्यांनी बनली आहे. जॉनी मार यांनी वाजवलेली गिटार फेंडरच्या चार ट्विन रिव्हर्ब अँप्लिफायरांतून सोडली होती. दोहोंचे नॉब मार यांच्या हातात, दोहोंचे निर्माते जॉन पोर्टर यांच्या. ट्रेमोलो ठेक्यापासून सरकला की टेप थांबवायची, मागे न्यायची, वेग लावायचा आणि पुन्हा धरायचे. कधी कधी दहाच सेकंद हाती लागत. हे ध्वनिमुद्रण मला मोठे वाटते ते आवाजाच्या घनतेसाठी नव्हे. ज्या यंत्राला ठेका ऐकू येत नाही त्याला दोन माणसांनी कानाने वारंवार समेवर आणून सोडले आहे, आणि ती मेहनत अखेरच्या ध्वनीत जाणवते. यंत्राचा वेग ठेक्याइतका असणे पुरत नाही. त्याची जागाही ठेक्याची असावी लागते, हे तिथे सिद्ध होते.

आता तिसरी रीत. तिच्यात वेगाच्या मंडलाला मुळीच हात लावायचा नाही. तयार झालेली त्रिकोणी लाट घ्यायची आणि मधल्या रेषेवर तिची घडी घालायची. रेषेखालचा भाग उलटून वर आणायचा. दोन ऑप-अँप आणि दोन डायोड एवढ्यावर हे काम होते. विजेच्या भाषेत हा फुल-वेव्ह रेक्टिफायर. घडी घातल्यावर पूर्वीचा माथा माथाच राहतो, पूर्वीचा तळ उलटून दुसरा माथा होतो आणि जिथे लाट मधली रेषा ओलांडत होती तिथे नवे दोन तळ तयार होतात. लाट त्रिकोणीच राहते, हेलकावे दुप्पट होतात. उंची निम्मी होते, म्हणून ती पुन्हा दुप्पट करून खाली सरकवावी लागते. स्विच फक्त निवडतो की ट्रेमोलोला साधी लाट द्यायची की घडीची.

यात नॉब कुठेही असला तरी गुणोत्तर दोनच, कारण दुसरा वेग वेगळा बनवलेलाच नाही. कपॅसिटर जुळवायची गरज नाही. आणि मुख्य म्हणजे दोन्ही लाटा सदैव एकमेकींना बांधलेल्या आहेत. पाय उशिरा पडला तर दुगुन उशिरा ऐकू येईल, पण येईल ती आपल्या खऱ्या जागी. समेचा माथा हलत नाही. लाट तळाशी असताना स्विच दाबला तर आवाज एकदम वर उडी घेतो, एवढी एक किंमत मोजावी लागते. ठोक्यावर दाबणाऱ्याला तीही नाही. ही युक्ती प्रत्येक आकाराच्या लाटेवर चालत नाही हेही सांगितले पाहिजे. चौकोनी लाटेची घडी घातली तर सपाट रेषा उरते. म्हणून ज्या पेडलात लाटेचा आकार बदलणारा नॉब आहे, तिथे घडी त्या नॉबच्या आधी घालावी लागते.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सुट्या भागांतून मी तिन्ही रीती एकाच ब्रेडबोर्डवर मांडून ऐकल्या. पहिली आणि दुसरी यांतला फरक कानाला लगेच कळतो. दुसरी आणि तिसरी यांतला फरक पहिल्या पाच सेकंदांत कळत नाही. तबल्याचा ठेका लावून दोन-तीन आवर्तने वाजवली, तीन-चारदा स्विच मागे-पुढे केला, की दुसऱ्या रीतीत हाताला सारखे सावरावे लागते आणि तिसरीत लागत नाही, हे ध्यानात येते. तिसऱ्या रीतीतही मूळ वेग ठेक्यापासून हळूहळू सरकतोच. तिला ठेका ऐकू येतो असा दावा नाही. पण संथ आणि जलद एकत्र सरकतात, त्यामुळे नॉबने एकाला सावरले की दुसरी आपोआप सावरते.

एक आक्षेप इथे घ्यायला हवा. ज्याला ‘रंबल’सारखा थरकाप हवा आहे त्याला या सगळ्या काटेकोरपणाचे काय? काहीच नाही. त्याला पहिली रीत पुरते, किंबहुना दीडपटीचा तिरकस वेग त्याच्या अधिक उपयोगी पडेल. माझा विरोध त्या रीतीला नाही, तिला दुप्पट म्हणण्याला आहे. तसेच निऑन दिवा आणि प्रकाशसंवेदी रेझिस्टर असलेल्या जुन्या अँप्लिफायरांत तिसरी रीतही तोकडी पडेल. असा रेझिस्टर उजेड गेल्यावर सावकाश पूर्ववत होतो, त्यामुळे दुप्पट वेगात आवाज पूर्ण चढण्याआधीच पुढची उतरण सुरू होते आणि हेलकावा उथळ होतो. संथ लयीतले वजन जलद लयीत उरत नाही. तिथे खोलीचा नॉबही सोबत फिरवावा लागेल. आणि साठ वर्षांच्या अँप्लिफायरला स्विचसाठी भोक पाडण्याआधी, ते बुजवता येत नाही, हे शंभरदा आठवावे. नव्या, स्वस्त पेडलवर हात साफ करावा.

मात्र लयीत वाजवणाऱ्यासाठी निर्णय स्पष्ट आहे. पहिल्या दोन रीती संथ लाटेला पळवून जलद करतात आणि तिची जागा दैवावर सोडतात. तिसरी रीत संथ लाटेत आधीपासून दडलेली जलद लाट उघड करते. विलंबितात बसलेला कसलेला तबलजी आतल्या आत बारीक मात्रा मोजतच असतो, म्हणून दुगुनीला जाताना त्याला उडी मारावी लागत नाही. पेडलमध्ये दोन ऑप-अँप आणि दोन डायोड जास्तीचे लागतात ते याच कामासाठी. खर्च काही रुपयांचा आणि एका संध्याकाळचा आहे. ज्याला हा स्विच बसवायचा आहे त्याने तेवढा करावा, आणि बसवल्यावर मीटर बाजूला ठेवून ठेका लावून बघावे.